हॉल ऑफ फेमर पोरगा घ्यावा का? पोटेन्शियल आणि ट्रेनिंगचा हिशेब

जांबोटीकडच्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलंय. तो बझरबीटर खेळतो, म्हणजे बास्केटबॉलचा क्लब चालवायचा ऑनलाइन गेम, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये आहे, ट्रेनिंग आजवर जमेल तसं चाललंय. आता गाठीशी थोडे पैसे जमलेत आणि ट्रान्सफर लिस्टवर अठरा वर्षांची दोन पोरं त्याने हेरलीत. दोघांची बोली साधारण सारख्याच आकड्यावर चाललीय. पहिला सात फुटी, पोटेन्शियल (म्हणजे पोरगा कुठवर वाढू शकतो त्याची पायरी) हॉल ऑफ फेमर. दुसरा सहा फूट सात इंच, पोटेन्शियल पेरेनियल ऑलस्टार, म्हणजे तीन पायऱ्या खाली. पण दुसऱ्याची स्किल्स आजच बरी आहेत. त्याचा प्रश्न असा: कुणाला घेऊ, आणि एखाद्या पोराची ट्रेनिंगसाठी खरी किंमत काढायची कशी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दुसरा घे. पण का घ्यायचा हे समजून घे, कारण हाच प्रश्न तुला दर सीझनला पडणार आहे.

पोटेन्शियलबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. आमच्या बेळगावच्या मंडळींतही तो होता, आणि निपाणीहून नव्याने आलेल्या दोघांनी परवा पुन्हा तेच विचारलं. ज्याचं पोटेन्शियल मोठं तो लवकर शिकतो, असं लोक धरून चालतात. तसं मुळीच नाही. मर्यादा जवळ येईपर्यंत पोटेन्शियलचा शिकण्याच्या वेगाशी काडीचा संबंध नाही. वेग ठरतो वयावर, उंचीवर, ट्रेनरच्या पातळीवर, त्या जागेवर मिळालेल्या मिनिटांवर आणि तू एका पोझिशनचं ट्रेनिंग लावलंस की दोन-तीन पोझिशनचं, यावर. एकाच वयाची, एकाच उंचीची, सारख्या स्किल्सची दोन पोरं एकाच क्लबात सारखी मिनिटं खेळली, तर स्टार पोटेन्शियलचा आणि ऑल-टाइम ग्रेट पोटेन्शियलचा, दोघे सारखेच वाढतात. फरक पडतो तो पुढे कधीतरी, स्टारवाला त्याच्या मर्यादेला भिडल्यावर.

आणि ती मर्यादासुद्धा एकदम आडवी येत नाही. अनाउन्सरपासून ऑल-टाइम ग्रेटपर्यंत बारा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीच्या आत थोडं वर-खाली असतं, त्यामुळे एकाच पायरीचे दोघे वेगवेगळ्या ठिकाणी अडतात. अडतात म्हणजे काय, तर वेग मंदावतो, मग आणखी मंदावतो, आणि शेवटी पॉप, म्हणजे स्किल एका अंकाने वर जाणं, जवळजवळ बंद होतं.

म्हणजे हॉल ऑफ फेमर या शब्दांसाठी तू जे जास्तीचे पैसे मोजतोस ते त्या पोराच्या पुढच्या दोन-तीन सीझनसाठी नसतात. तो तेवीस-चोवीस वर्षांचा झाल्यावर, पेरेनियल ऑलस्टारवाला अडेल तिथून पुढे जे काही वाढेल, त्यासाठी असतात. आता स्वतःला खरं विचार. तोपर्यंत तो तुझ्याकडे असेल का? असला तर त्याचा पगार तुला पेलवेल का? आणि तोपर्यंत दर आठवड्याला त्याला पूर्ण ट्रेनिंग तू देशील का? या तिन्ही प्रश्नांना हो म्हणता आलं तरच वरच्या तीन पायऱ्यांना किंमत आहे.

आता तू पाठवलेले आकडे बघू. बझरबीटरमध्ये ट्रेनिंगच्या दृष्टीने मुख्य स्किल्स दहा: जंप शॉट, जंप रेंज, आउटसाइड डिफेन्स, हँडलिंग, ड्रायव्हिंग, पासिंग, इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स, रिबाउंडिंग आणि शॉट ब्लॉकिंग. सात फुटीचे याच क्रमाने 3, 1, 2, 2, 3, 2, 7, 6, 8, 5. बेरीज 39. दुसऱ्याचे 6, 4, 6, 5, 6, 5, 5, 5, 6, 3. बेरीज 51.

बारा अंकांचा फरक आहे. माझ्या हिशेबात, नीट लावलेल्या ट्रेनिंगमध्ये अठरा वर्षांच्या पोराचं हे जवळपास एका सीझनचं काम. सीझन चौदा आठवड्यांचा आणि ट्रेनिंग आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी. म्हणजे दुसरा पोरगा तुला चौदा शुक्रवार फुकट देतोय, आणि तेही अठराव्या वर्षातले, जे सगळ्यात मोलाचे. वय वाढेल तसा प्रत्येक शुक्रवार थोडा कमी देतो. विशी ओलांडली की हे नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागतं.

बेरजेवरच थांबू नकोस, तिच्या आत बघ. सात फुटीचं जे काही आहे ते सगळं बास्केटखाली. रिबाउंडिंग 8 बघून डोळे दिपतात, पण जंप शॉट 3, हँडलिंग 2, पासिंग 2. हे गेममध्येच होतं असं नाही. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवरही हेच चालतं. वर्गातलं सगळ्यात उंच पोर दिसलं की सर त्याला बास्केटखाली उभं करतात, चेंडू जमिनीवर टप्पे मारत न्यायला त्याला कुणी शिकवतच नाही, आणि तालुका पातळीच्या पुढे गेलं की ते पोर उघडं पडतं. गेममध्ये अशा सेंटरला बाहेरची स्किल्स शिकवायला गेलास तर उंची आडवी येते. बुटक्या पोरांची बाहेरची स्किल्स पटापट वाढतात, उंच पोरांची आतली. सात फुटीला पासिंग शिकवणं म्हणजे दर शुक्रवारी निकाल उघडून निराश होणं.

बरं, बाहेरचं सोडून दिलं आणि त्याला फक्त आतलंच शिकवत गेलास, तर? दोन गोष्टी होतात. पहिली, एकमेकांशी नातं असलेल्या स्किल्समध्ये एक फार पुढे गेलं आणि जोडीचं मागे राहिलं, की पुढचं रेंगाळायला लागतं. उलट, मागे राहिलेल्याला हात घातलास तर ते झरझर वर येतं. म्हणून समतोल पोराला शिकवणं स्वस्त पडतं. दुसरी गोष्ट पगाराची, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे.

खेळाडूचा पगार गेम सीझनच्या सुरुवातीला नव्याने काढतो, आणि तो ज्या पोझिशनला सगळ्यात महाग ठरेल त्या पोझिशनच्या हिशेबाने काढतो. सेंटरची आतली स्किल्स एका पातळीच्या वर गेली की पगार सरळ रेषेत वाढत नाही, उड्या मारतो. नुसत्या आतल्या स्किल्सवर वाढवलेला हॉल ऑफ फेमर सेंटर पूर्ण तयार झाला, तर खालच्या डिव्हिजनच्या क्लबाची आठवड्याची कमाई तो एकटा गिळतो. तुला एवढा मोठा खेळाडू परवडणार नाही, आणि परवडणार नाही अशांची संख्या जास्त म्हणून तो विकायला काढलास तरी गिऱ्हाइकं मोजकीच मिळतात. बाजारात म्हैस घेताना आपण दूध किती ते विचारतो, पण जाणता शेतकरी त्याच दमात रोजची पेंड-वैरण किती लागेल तेही विचारतो. इथे तेच कर. खेळाडूच्या किमतीबरोबर, तीन सीझननंतर त्याचा आठवड्याचा पगार किती असेल याचा अंदाज घे. तुझ्याच डिव्हिजनमधले त्या वयाचे, त्या धाटणीचे तयार खेळाडू काढून त्यांचे पगार बघ, अंदाज आपोआप येतो.

मर्यादेचंही असंच आहे. ती दहा स्किल्सच्या साध्या बेरजेवर बसवलेली नाही. पगारासारखाच तिथे वजनाचा हिशेब चालतो. त्यामुळे एकाच अंगाने वाढवलेला सेंटर कमी बेरजेतच मर्यादेला टेकतो आणि दोन्ही अंगांनी वाढवलेला खेळाडू त्याच पोटेन्शियलमध्ये बरीच जास्त बेरीज सामावून घेतो. तुझा दुसरा पोरगा पेरेनियल ऑलस्टार आहे म्हणून नाक मुरडू नकोस. स्मॉल फॉरवर्डच्या, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे खेळणाऱ्याच्या अंगाने वाढवलास तर तो पुष्कळ शिकेल, आणि त्या मानाने पगार कमी राहील. स्किल्सच्या मानाने स्मॉल फॉरवर्ड स्वस्तात पडतो, हे बझरबीटरमध्ये मुरलेला कुणीही सांगेल.

आता मिनिटांकडे येतो. इथे नवी मंडळी सगळ्यात जास्त गमावतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पूर्ण ट्रेनिंग मिळायला खेळाडूने त्या आठवड्यात त्या ट्रेनिंगच्या पोझिशनवर 48 मिनिटं खेळलं पाहिजे. 48 म्हणजे एक अख्खा सामना. आठवड्यात लीगचे दोन सामने आणि मधला एक, चषकाचा किंवा मैत्रीचा. एका पोझिशनचं ट्रेनिंग लावलंस तर तीन सामने गुणिले 48, म्हणजे 144 मिनिटं. कागदावर बरोबर तीन पोरं बसतात. दोन पोझिशनचं लावलंस तर सहा बसतात, पण प्रत्येकाला मिळणारं कमी. मी नेहमी एका पोझिशनच्या बाजूने आहे. सहा अर्धवट खेळाडूंपेक्षा दोन-तीन पुरे झालेले कधीही बरे, आणि बाजारात किंमतही त्यांनाच येते.

पण 144 मध्ये तीन पोरं बसवली की एक मिनिटही हाताशी उरत नाही. समज, शनिवारच्या सामन्यात पोरगा फाउलवर फाउल करत गेला आणि 41 मिनिटांत फाउलची मर्यादा संपून बाहेर बसला. उरलेली 7 मिनिटं आणायची कुठून? मधल्या सामन्यात द्यावीत तर तिथला पोरगा 41 वर येतो. मंगळवारी द्यावीत तर मंगळवारचा. आणि मंगळवारी दुसरा कुणी फाउलमध्ये अडकला तर आठवड्याचं गणितच कोलमडतं. म्हणून तुझ्यासारख्याला माझा सल्ला असा: दोन पोरं पक्की धर, तिसऱ्याला उरलेली मिनिटं दे. त्या दोघांचा एकही शुक्रवार वाया जाता कामा नये. सामन्याच्या दिवशी डेप्थ चार्टमध्ये, म्हणजे कोण कुठे खेळणार त्या तक्त्यात, त्या पोझिशनला स्टार्टर, बॅकअप, रिझर्व्ह या तिन्ही ठिकाणी त्याच पोराचं नाव टाक, म्हणजे कोच त्याला मध्येच उठवून दुसऱ्याला आत घालणार नाही. आणि मंगळवारचा सामना संपल्या संपल्या मिनिटं बघायची सवय लाव. शुक्रवारी निकाल आल्यावर बघून काही हाती लागत नाही.

मिनिटं फार जास्त झाली तरी नुकसान होतं. दोन-दोन सामने पूर्ण खेळवत राहिलास तर गेम शेप, म्हणजे खेळाडूचा फॉर्म, घसरतो. आठवड्याला साधारण 50 ते 70 मिनिटांत पोरगा राहिला की ट्रेनिंगही पुरं होतं आणि शेपही टिकतो.

तुझ्या भागासाठी एक खास सांगतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस लागला की दोन-दोन दिवस लाईट नसते, नेटवर्क तर त्याहून आधी जातं. लाइन-अप पुढच्या सामन्यांचीही आधीच लावून ठेवता येते. लाईट असेल त्या दिवशी आठवड्याचे तिन्ही सामने लावून टाक. खानापूरला कॉलेजला येतोस तेव्हा बसस्टँडवर पाच मिनिटांचं काम आहे. जून ते सप्टेंबर एवढं पाळलंस तरी शेजारच्या क्लबांपेक्षा कितीतरी पुढे जाशील. अडीअडचणीला आमच्यातलं कुणी फोनवर आहेच. गोकाकचा आमचा एक गडी कन्नडमध्ये हिशेब मांडतो, आम्ही मराठीत, पण 48 चा आकडा दोघांचा एकच.

सहा फूट सात इंचवाल्याला शिकवायचा क्रमही सांगून ठेवतो. जे हळू वाढतं ते लहान वयात उरकायचं. त्याच्या उंचीला बाहेरची स्किल्स थोडी जड जाणार, म्हणून अठरा-एकोणिसाव्या वर्षी त्याला पॉइंट गार्डच्या जागी उभा कर आणि आउटसाइड डिफेन्स, पासिंग घे. मग वन-ऑन-वन नावाचं ट्रेनिंग लाव, त्यात ड्रायव्हिंग, हँडलिंग दोन्ही हलतं आणि जंप शॉटलाही थोडं मिळतं. पोझिशन म्हणजे सामन्यात तू त्याला कुठे उभा करतोस ते. नावापुढे गेमने काय लिहिलंय याला ट्रेनिंगमध्ये अर्थ नाही. आतली स्किल्स विशीनंतर घेतलीस तरी चालतील. एवढा उंच पोरगा गार्डला खेळवल्यावर सुरुवातीला सामने हरशील. लीगचा महत्त्वाचा सामना असेल त्या आठवड्यात त्याला मधल्या सामन्यात खेळव, तिथल्या हार-जितीने काही बिघडत नाही. चषकात टिकून असशील तर मात्र हा पर्याय हातातून जातो, तेव्हा कधी कधी चषकातून लवकर बाहेर पडणंही ट्रेनिंगच्या पथ्यावर पडतं.

उंचीवरून एक आठवलं. 2015 साली सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने एनबीए ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या संघाने ड्राफ्टमध्ये घेण्याची ती पहिलीच वेळ. सात फूट दोन इंच. तरी एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या एक वर्ष आधी, 2014 ला, निकोला योकिच 41 व्या क्रमांकावर गेला, आणि पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला, 2021, 2022 आणि 2024 ला. योकिच सेंटरच आहे, पण त्याचं पासिंग बघ, बास्केटपासून दूर उभं राहून खेळ चालवणं बघ. जगातले जाणते स्काउट सगळं समोर बघून ज्याचा अंदाज चाळीस नावांनी चुकवतात, ते पोटेन्शियल बझरबीटर तुला पहिल्याच दिवशी लिहून देतो. ही मोठी सवलत आहे. पण ती सवलत समोरच्या बोली लावणाऱ्यालाही आहे, म्हणून मोठ्या पोटेन्शियलची किंमत बाजारात आधीच चढलेली असते. स्वस्तात जे मिळतं ते दुसरीकडे: समतोल स्किल्स, सोयीची उंची, आणि मर्यादेपासून अजून लांब असलेलं वय.

काही जण बास्केटबॉल जीएम हा असाच दुसरा गेम खेळून इकडे येतात आणि तिथला हिशेब इथे लावतात, म्हणून तेवढं सांगतो. त्या गेममध्ये पोटेन्शियल ही मर्यादा नाहीच. तो निव्वळ अंदाज आहे, आज याचं वय आणि रेटिंग असं आहे तर शिखरावर कुठे पोचेल याचा. तिथे सीझन संपल्यावर रेटिंग वर-खाली होतात, त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि मैदानावर किती मिनिटं खेळला याचा वाढीवर परिणाम होत नाही. तिथे तरुण, उंच अंदाजाचे चार-पाच खेळाडू गोळा करून एखादा फळण्याची वाट बघणं शहाणपणाचं आहे. बझरबीटरमध्ये तसं केलंस तर चौघे बाकावर बसून म्हातारे होतील. इथे वाढ मिनिटांनी विकत घ्यावी लागते आणि मिनिटं मोजकीच आहेत.

म्हणून ट्रेनिंगची किंमत काढताना मी हा हिशेब करतो: हा पोरगा माझ्याकडे किती शुक्रवार राहणार, त्यातले किती मी पूर्ण 48 मिनिटांचे देऊ शकणार, तेवढ्यात तो कुठे पोचणार, आणि तिथे पोचलेला तसा खेळाडू आज बाजारात कितीला जातो. त्या आकड्यातून ट्रेनरचा पगार वजा करायचा आणि वाकड्या जागी खेळवल्यामुळे जे सामने जातील त्यांचा फटका वजा करायचा. जे उरतं तिथपर्यंत बोली लावायची. या हिशेबात पोटेन्शियल एकाच जागी येतं: तेवढ्या शुक्रवारांत पोरगा मर्यादेला भिडणार आहे का? भिडणार नसेल तर वरच्या पायऱ्यांसाठी एक डॉलरही जास्त देऊ नये. भिडणार असेल तर द्यावा.

याला अपवाद एकच, आणि तो मनापासून सांगतो. कुणाला देशाच्या 21 वर्षांखालच्या संघासाठी किंवा राष्ट्रीय संघासाठी खेळाडू घडवायचा असेल, तर नफ्या-तोट्याचा हा हिशेब बाजूला ठेवावा. हॉल ऑफ फेमर, ऑल-टाइम ग्रेट पोरं त्यासाठीच आहेत. बेळगाव-खानापूरसारख्या भागात बसून आपण घडवलेला पोरगा देशाच्या संघात उतरलेला बघणं याचा आनंद वेगळाच आहे, आणि माझी फार इच्छा आहे की आपल्याकडच्या कुणीतरी ते करावं. पण आधी दोन सीझन 48 मिनिटं न चुकवता दे, ट्रेनरची पातळी नीट ठेव, पगाराचा अंदाज बरोबर यायला लागू दे, मग तशा पोराला हात घाल. तोवर राष्ट्रीय संघाच्या मॅनेजरला निरोप पाठवून विचार, त्यांना कोणत्या धाटणीचा खेळाडू कमी पडतोय. अशा पोरांवर त्यांचंही लक्ष असतं.

राहिली बोली. दुसऱ्या पोरासाठी आज बसून वरचा हिशेब एकदा कागदावर मांड आणि एक आकडा ठरव. शेवटच्या मिनिटांत बोली वाढत जाते तेव्हा त्या आकड्याच्या पुढे जाऊ नकोस. 6-7 उंचीचे, पंचेचाळीसच्या वर बेरजेचे, सगळीकडे थोडं थोडं असलेले अठरा वर्षांचे पोर ड्राफ्टनंतरच्या दिवसांत बऱ्यापैकी संख्येने विकायला येतात. हा गेला तर तेव्हा दुसरा मिळेल. मिळाल्यावर लगेच विकायच्या फंदात पडू नकोस. घेऊन थोड्याच दिवसांत विकलं की रकमेतला मोठा वाटा एजंट कापून घेतो, काही आठवडे ठेवला की तो वाटा कमी होत जातो. आणि विकायची वेळ आली तर सीझन उलटण्याच्या आधी विक. सीझन बदलला की वय एकाने वाढतं, पगार नव्याने निघतो, आणि गिऱ्हाईक दोन्ही आकडे बघूनच बोली लावतं.